विहिरी उपसून भरलेल्या शेततळ्यांना अनुदान द्यावं का?

माळरान

आमचं गाव सिन्नरच्या पूर्व भागात, पर्जन्यछायेत. नाशिक जिल्हा म्हटलं की धरणं आणि द्राक्षं डोळ्यांसमोर येतात, आमच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नाही. दहा-बारा वर्षांत शिवारात शेततळी वाढली. वरून बघितलं तर तळ्यात अंथरलेल्या निळ्या-काळ्या प्लॅस्टिक कागदाचे चौकोनच चौकोन. त्यातलं पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरणारं एखादंच. बाकी सगळी दसऱ्यानंतर विहिरी आणि बोअर उपसून भरतात. रात्रंदिवस मोटारी चालतात आणि दिवाळी होईपर्यंत जमिनीतलं पाणी जमिनीवर आलेलं असतं.

आमची विहीर सात परस, म्हणजे साधारण सात माणसांच्या उंचीएवढी खोल. वडिलांच्या काळात होळीपर्यंत गव्हाला पाणी पुरायचं. आता संक्रांतीला तळ दिसतो. पाऊस कमी झाला म्हणावं, तर बऱ्या पावसाच्या वर्षीही तेच.

2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हा कल्पना अशी होती की पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि खंड पडला की पिकाला एक-दोन पाळ्या द्यायच्या. झालं उलटंच. साधा हिशेब करून बघा. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद तळं म्हणजे 900 चौरस मीटर उघडं पाणी. दिवाळी ते जून त्यातून एक मीटर पाणी जरी उडालं (आमच्या उन्हात त्याहून जास्तच उडतं), तरी 9 लाख लिटर गेलं. दहा हजार लिटरचे 90 टँकर, एका तळ्यामागे. हेच पाणी खडकात राहिलं असतं तर उन्हानं त्याचं काही बिघडलं नसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्यानं भरणाऱ्या तळ्याला हवं तेवढं अनुदान द्या. जे विहिरीतून भरणार त्याच्या कागदाला सरकारी पैसा नको. तुमच्या भागात काय दिसतं ते लिहा.

डाळिंबवाला_सांगोला

दादा, तुमचा हिशेब बरोबर असेल. आता माझाही ऐका.

तीन एकर भगवा डाळिंब आहे. कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला शेत. पाण्याचं आवर्तन जाहीर होतं, वरचे भिजवून घेतात, आमच्यापर्यंत येताना कधी धार येते, कधी नुसती ओल. शेततळं नव्हतं त्या वर्षी पाण्याअभावी अर्धी बाग काढून टाकावी लागली. डाळिंबाची बाग म्हणजे मेथीची जुडी नाही, की गेली तर पुढच्या महिन्यात परत पेरली. लावल्यापासून फळ धरेपर्यंत दोन-अडीच वर्षं जातात, वर तेल्या रोगाची भीती. बाग गेली की माणूस पाच वर्षं मागे जातो.

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणता पाणी जमिनीतच राहू द्या. ते राहिलं तर माझं राहतं का? मी मोटार बंद ठेवली तर बांधापलीकडचा सहाशे फुटांचा बोअर ते ओढतो. चार वर्षांपूर्वी मी खरंच थांबलो होतो, मार्चला लागेल म्हणून विहीर भरलेली ठेवली होती. फेब्रुवारीतच खाली गेली. त्या दिवसापासून ठरवलं, जे तळ्यात आहे तेच आपलं.

आणि पाणी उडतं म्हणून आम्हाला बोलता, तर उसाला का बोलत नाही? राज्यातल्या चार टक्क्यांहून कमी पीकक्षेत्रावर ऊस आणि सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी त्याला, हे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानंच लिहून ठेवलंय. मी ठिबकवर थेंब थेंब मोजून देतो. आधी तिकडं बघा, मग माझ्या कागदाकडं.

खडकातलं_पाणी

मी भूजलाच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलं आहे. दोघांच्याही म्हणण्यातला थोडा थोडा भाग तपासून घ्यायला हवा.

महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. लोकांच्या मनात जमिनीखाली मोठा तलाव असल्याचं चित्र असतं. प्रत्यक्षात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि खडकाच्या भेगांत. साठा लहान, पावसाळ्यात लवकर भरतो आणि लवकर रिकामाही होतो. सहाशे फुटांवर बोअरला जे पाणी लागतं ते बहुतेक वेळा वरच्याच भेगांतून झिरपत गेलेलं असतं. शेजाऱ्याचा बोअर तुमची विहीर ओढतो हे त्यामुळेच खरं आहे.

आता माळरान यांच्यासाठी. खडकातलं पाणी तिजोरीत ठेवल्यासारखं राहत नाही. उताराच्या गावात ते ओढ्याकडे सरकत राहतं. भरलेली विहीर कुणीही उपसली नाही तरी उन्हाळ्यापर्यंत पातळी उतरते. म्हणजे तळ्यात घातलं नसतं तर सगळंच्या सगळं तुम्हाला मिळालं असतं असं नाही.

पण ते सरकणारं पाणी वाया जातं असंही समजू नका. त्याच्यावरच खालचा ओढा हिवाळाभर वाहतो, खालच्या वस्तीच्या विहिरी जिवंत राहतात, गुरं पितात. दसऱ्यालाच उपसा झाला की ते सगळं एकदम तुटतं. पूर्वी हाच उपसा रब्बीभर, पाळीपाळीनं, पिकाच्या गरजेप्रमाणे व्हायचा. आता सहा महिन्यांचं पाणी तीन-चार आठवड्यांत वर येतं. नुकसान उडण्यात आहे, त्याहून जास्त या घाईत आहे.

कायद्याचं म्हणाल तर 1993 च्या कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक स्रोताच्या 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरहून खोल विहिरींवर बंधनं आहेत. सहाशे फूट म्हणजे 180 मीटरच्या वर. बोअरची गाडी गावात शिरते तेव्हा हे कुणी विचारतं का, तुम्हीच सांगा.

पाटकऱ्याचा_नातू

आजोबा धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीच्या काठी फडावर पाटकरी होते. फड म्हणजे नदीवर बंधारा, त्यावरून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, तर पुढच्या वर्षी तिथं दुसरं काही. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा. पाणी कुणाला किती, हे पाटकरी ठरवायचा आणि जागल्या राखायचा. आजोबा सांगायचे, स्वतःच्या भावाच्या शेताची पाळी संपली की दार बंद करताना त्यांचा हात अडखळला नाही.

हे शेकडो वर्षं चाललं, कारण पाणी डोळ्यांना दिसत होतं. वरून किती येतंय आणि कुणाच्या शेतात किती चाललंय, पोरासोरांनाही कळायचं. विहिरीचं पाणी दिसत नाही, म्हणून ज्याची मोटार मोठी त्याचं ते. शेततळ्याला दोष देऊन काय होणार? डाळिंबवाल्या दादांना भरवसा नाही, हे मूळ दुखणं आहे. भरवसा द्यायचा तर गावानं पाणी मोजलं पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं ते केलं. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर, पण दर वर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्याप्रमाणे रब्बीची पिकं ठरतात. शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही.

नव्याने_शेतीत

हिवरे बाजारचं नाव प्रत्येक चर्चेत येतं आणि मला प्रत्येक वेळी तोच प्रश्न पडतो. पोपटराव पवारांसारखा माणूस तीस-पस्तीस वर्षं एका गावात पाय रोवून उभा राहिला म्हणून ते झालं. आमच्या ग्रामसभेला कोरमसुद्धा होत नाही. गाव एकत्र येण्याची वाट बघत शेतकऱ्यानं बाग वाळू द्यायची का? मी डाळिंबवाल्यांच्या बाजूनं. तळं तरी आज हातात आहे.

पाटकऱ्याचा_नातू

एकच गाव नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीप्रमाणे द्यायचं नाही, घरातल्या माणसांप्रमाणे द्यायचं. माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्यालाही पाण्याचा वाटा. ऊस घ्यायचा नाही. नाशिककडे वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या संस्था पाणी घनमापानं मोजून घेतात आणि आपसात वाटतात. हे देवमाणसांचे चमत्कार नव्हते, त्यात नियम होते, आणि ते लिहून ठेवले होते.

खडकातलं_पाणी

एक गोष्ट मात्र 1972 पासून पार बदलली आहे. तेव्हा डिझेल जाळताना शेतकरी दहादा विचार करायचा. 2024 पासून राज्यात साडेसात एच.पी. पर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि सौरपंपही झपाट्यानं येत आहेत. दिवसा वीज मिळते, रात्री साप-विंचवातून दार धरायला जावं लागत नाही, हे फार चांगलं झालं. पण उपशाला लगाम म्हणून जो खर्च होता तो गेला.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावानं 2016 साली यावर एक वाट काढून दाखवली. सौरपंपवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था केली आणि उरलेली वीज कंपनीला विकू लागले. मोटार बंद ठेवली तर पैसे मिळतात म्हटल्यावर विनाकारण उपसा करायला मन होत नाही. आपल्याकडे सौरपंपाची वीज विकत घेतली, तर मोटार थांबवणाऱ्याला काहीतरी हाताला लागेल. अनुदान बंद करण्यापेक्षा मला हे जास्त पटतं.

माळरान

सर, वीज विकण्याचं पटलं. आणि सगळं पाणी मलाच मिळालं असतं असं मी धरून चाललो होतो, तेही चुकलं. तरी कागदाचं अनुदान मी सोडत नाही. एकीकडे अटल भूजल योजनेतून गावाला पाण्याचा ताळेबंद शिकवायचा आणि दुसरीकडे तेच पाणी उपसून ठेवायला पैसे द्यायचे, हे एकाच तिजोरीतून कसं चालतं?

डाळिंबवाले दादा, उसाबद्दल मी तुमच्या बाजूनं आहे. पण ऊस चुकतोय म्हणून माझ्या गावातली विहीर भरत नाही.

वस्तीवरची

मी बागायतदार नाही. आमची दीड एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी. पाणी आणायचं काम माझं, म्हणून लिहिते.

आमच्या वस्तीच्या विहिरीवर तीस उंबरे पाणी भरतात. वरच्या अंगाला सहा शेततळी झाली. तेव्हापासून मार्च लागला की विहीर रात्री पाझरते आणि पहाटे चारला जी आधी जाईल तिला चार हंडे मिळतात. टँकर येतो तोवर एप्रिल उजाडतो.

मागच्या उन्हाळ्यात वरच्या एका दादांनी तळ्यातून पाइप लावून वस्तीला पाणी दिलं. महिनाभर दिलं, एक पैसा घेतला नाही. माणूस खरंच चांगला. पण पाणी भरताना माझ्या सासूबाई म्हणाल्या, हे आपल्याच विहिरीचं पाणी, आता हात जोडून घ्यायचं. मला ते विसरता येत नाही. आधी विहिरीवर जायचं तर कुणाला विचारावं लागत नव्हतं. आता त्यांची बाग भिजून उरलं तर मिळणार, आणि त्यांच्याशी कुणाचं वाकडं झालं तर काय, या विचारानं आम्ही बोलताना जपून बोलतो.

तुम्ही सगळे बाग, खडक, वीज बोललात. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात चार महिने पुरेल एवढं पाणी आधी बाजूला ठेवा, मग उरलेलं तळ्यात भरा की उसाला द्या. अनुदान देताना एवढी एक अट घालता येणार नाही का?

डाळिंबवाला_सांगोला

ताई, दोन वर्षांपूर्वी मीपण आमच्या वस्तीला दोन महिने पाणी दिलं होतं. आजवर मला त्याचं समाधानच वाटत होतं.

अट मला मान्य आहे. पण ती मला एकट्याला नको, सहाशे फुटांच्या बोअरवाल्यालाही लागू पाहिजे. तो उपसत राहिला तर मी थांबून तुमच्या विहिरीत काही उरणार नाही.

आमच्या शिवारात वरच्या अंगाला अकरा तळी आहेत. कोण कधी भरतो, किती एच.पी.ची मोटार, हे मला सगळं माहीत आहे. सर, पिण्याच्या विहिरीची पातळी कुठं आली की आम्ही मोटारी थांबवायच्या, हे काढायचं कसं तेवढं सांगा. दसऱ्याच्या आत अकरा जणांना एकत्र बसवून बघतो. सगळे येतील असं नाही, पण सात-आठ जण तरी माझ्या शब्दाला येतील.

खडकातलं_पाणी

कोजागिरीपासून दर पंधरा दिवसांनी, मोटारी बंद असताना, सकाळी दोरीला वजन बांधून पिण्याच्या विहिरीची पातळी मोजा आणि वहीत तारखेनिशी लिहा. आसपासच्या दोन-तीन विहिरींचीही घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळ असेल तर तिच्या जुन्या नोंदी मागून घ्या. विहिरीचा व्यास आणि वस्तीची माणसं-गुरं कळवा, पातळीचा आकडा काढायला मी मदत करतो. मात्र पहिल्या वर्षी तो अंदाजच असेल, म्हणून थोडा वरच धरा. आणि माप घ्यायचं काम वस्तीवरच्या बायकांकडे द्या. विहिरीवर रोज त्याच जातात.