मदत हवी आहे : 'ल्यूबा'तलं उरलेलं 'बा' मराठीत कसं वाचावं?

युक्रेनी कवयित्री ल्यूबा याकिमचुक यांची 'विघटन' ही कविता मराठीत आणून मोठ्याने वाचायची आहे. पूर्व युक्रेनमधल्या डोनबासमध्ये २०१४ साली पेटलेल्या युद्धातली ही कविता. तिच्यात नावंच फुटतात. 'लुहान्स्क' या तिथल्या शहराच्या नावातलं 'लु' जमीनदोस्त होतं, उरतं नुसतं 'हान्स्क'. ('लुगान्स्क' लिहू नये, तो रशियन उच्चार. युक्रेनीत 'ह'च, आणि उच्चारातला जोरही 'हा'वर.) वाचताना 'न्स्क'मध्ये हमखास 'अ' घुसतो, 'हान्सक' होतं आणि तुटल्याची धार जाते.

खरी अडचण शेवटी आहे. कवितेत बोलणारी म्हातारी झालेली आहे. ती आता 'ल्यूबा' नाही, फक्त 'बा' आहे. युक्रेनी कानाला त्यात 'बाबा', म्हणजे आजी, ऐकू येते. आपल्याला ऐकू येतो बाप, नाहीतर 'बा विठ्ठला'! 'आजी' घातलं तर अर्थ राहतो, पण नाव फुटल्याचा आवाज हरवतो, आणि कविता त्या आवाजावरच उभी आहे. तळटीप श्रोत्याच्या काय कामाची?

आधीच्या ओळीत 'म्हातारी' ठसठशीत वाचून, श्वासभर थांबून 'बा' म्हणावं, एवढं सुचतंय. पुरेल का? आणि मूळ युक्रेनी आधी ऐकवावं की नंतर? अनुवादित कविता मंचावर वाचणाऱ्यांनी कृपया सांगा.