मदत हवी आहे : क्लबने पगार थकवलाय, भाचा घरी येऊन बसलाय. करार सोडता येतो का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापूर भागातला. आमच्या घरात फुटबॉल सगळ्यांना कळतो, करारातलं मात्र कुणालाच काही कळत नाही. म्हणून इथे विचारतोय.

भाचा एकवीस वर्षांचा, लेफ्ट बॅक. लेले ग्राउंडवर खेळून मोठा झाला. मधे एक मोसम कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर खेळला. तिथे कुणाच्या तरी नजरेत भरला आणि २०२३ मध्ये गोव्याच्या एका क्लबने तीन मोसमांसाठी सही घेतली. करार ३१ मे २०२६ ला संपतो. क्लबचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.

नोव्हेंबरपासूनचे तीन पगार आलेले नाहीत. विचारलं की "स्पॉन्सरचे पैसे अडकलेत". मग मॅनेजरने नवा कागद पुढे केला : आणखी दोन वर्षांची सही कर, मागचं सगळं एकदम देतो. पोरगा नाही म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याला संघाबरोबर सराव बंद. बाकीचे पासिंग करतात आणि हा एकटा कडेच्या रेषेने पळतो. मागच्या आठवड्यात बॅग भरली आणि चोर्ला घाटाच्या बसने घरी आला. आता म्हणतो, पैसे टाकेपर्यंत जात नाही. न्यूकॅसलच्या अलेक्झांडर इसाकने क्लब बदलायला अडून बसून केलं ते मी केलं तर काय बिघडलं?

दाजी उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. ते म्हणतात, सही कर, पैसे पदरात पाडून घे, पुढचं पुढे बघू. त्यात बेंगळूरच्या एका क्लबचे फोन येतायत आणि गोव्याचे म्हणतात एनओसी (ना-हरकत पत्र) देणार नाही.

घोडं अडलंय ते इथे : घरी बसला तर करार त्यानेच मोडला असं होतं का? थकलेल्या पगारावर करार सोडता येतो का? बेंगळूरवाल्यांशी आत्ता बोललेलं चालतं का? करार सोडला म्हणून फुटबॉलपटू अन्वर अलीवर लादलेल्या भरपाईचा १२.९० कोटींचा आकडा वाचल्यापासून दाजींची झोप उडालीय. आमच्या पोराचा पगार महिना तीस हजार आहे हो.

निपाणीकर वकील

मामा, आधी पोराला उद्याच्या बसने परत पाठवा. बाकीचं नंतर.

आज क्लब चुकलाय. तो न सांगता घरी बसला की "खेळाडू गैरहजर" हे वाक्य त्यांच्या हातात आपणच देतो. त्याने रोज वेळेवर मैदानात हजर राहायचं. एकट्याला पळवतात? पळू दे. पण रोज कोचला व्हॉट्सॲप : "सरावासाठी आलो आहे, संघाबरोबर घ्यावे ही विनंती." भाषा नम्र, रोज तीच. खेळाडूने स्वतःहून करार सोडावा म्हणून छळणं हेसुद्धा फिफाच्या नियमात करार सोडण्याचं योग्य कारण धरलं जातं. पण त्याला पुरावा लागतो.

आता पगार. २०१८ पासून फिफाच्या खेळाडू-नियमावलीत कलम १४ बिस आहे. किमान दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यायची आणि पूर्ण पैसे भरायला कमीत कमी १५ दिवसांची मुदत द्यायची. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर करार योग्य कारणाने सोडता येतो आणि उरलेल्या महिन्यांची भरपाईही मागता येते. तुमचे तीन पगार थकलेत. फक्त नोटिशीशिवाय उठून गेला तर तो चुकीचा ठरू शकतो. भारतातल्या भारतात असा वाद एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) प्लेअर्स स्टेटस कमिटीपुढे जातो.

आणि ती दोन वर्षांची सही अजिबात नको. दाजींना सांगा, मागचा पगार पोराने आधीच कमावलाय. त्याच्या बदल्यात पुढची दोन वर्षं मागणं ही शुद्ध अडवणूक आहे.

खानापूरचा गोलकीपर

इसाकचं उदाहरण पोराच्या डोक्यातून काढा. न्यूकॅसलने त्याचा पगार थकवला नव्हता. त्याचा करार २०२८ पर्यंत होता आणि त्याला लिव्हरपूलला जायचं होतं. तो संघाबरोबर दौऱ्यावर गेला नाही, जुन्या क्लबच्या मैदानावर वेगळा सराव केला, आणि १ सप्टेंबर २०२५ ला, ट्रान्सफर विंडोच्या (क्लब बदलायच्या मुदतीच्या) शेवटच्या दिवशी सुटला. सुटला कारण लिव्हरपूलने १२५ दशलक्ष पौंड मोजले. आपल्या लेफ्ट बॅकसाठी कोण मोजणार? पैसेवाला अडून बसतो तेव्हा त्याला वाटाघाट म्हणतात, आपण बसलो की बेशिस्त.

मंगळवार पेठ

आमच्या कोल्हापुरात हे सगळं सोपं. एका पेठेचा पोरगा दुसऱ्या पेठेच्या संघात गेला की वर्षभर चहाच्या टपरीवर तोंड दाखवायची चोरी. कलम-बिलम काही लागत नाही :) असो, निपाणीकर बरोबर सांगतायत.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आमच्याकडे कराराची प्रत नाही, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आहेत. सात पानांपैकी सहाच. आणि पगाराच्या कलमावर नेमका फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलाय. आकडा दिसतो, तारीख दिसत नाही. काय करू?

निपाणीकर वकील

पगाराची तारीखच महत्त्वाची, कारण थकबाकी तिथून मोजतात. क्लबकडे सही-शिक्क्याची पूर्ण प्रत ई-मेलने मागा, फोनवर नको. दिली नाही तर ती न देणंही नोंदलं गेलं. तोवर बँकेचं स्टेटमेंट काढा. आधीचे पगार कोणत्या तारखेला जमा झाले ते त्यात दिसेलच.

आणखी एक गोष्ट : एआयएफएफच्या नोंदणीत तो प्रोफेशनल म्हणून आहे की हौशी, हे बघा. पगार तीस हजार आणि नोंद हौशी असेल, तर आधी तो गुंता सोडवावा लागेल.

टिळकवाडी

बेंगळूरबद्दल कुणी बोललं नाही. करार संपायला सहा महिने किंवा कमी उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढच्या मोसमाचा करार करू शकतो. तुमचा मे अखेरीस संपतो, म्हणजे ती मुदत डिसेंबरलाच सुरू झाली. फक्त बोलणी सुरू करण्याआधी बेंगळूरवाल्यांनी गोव्याच्या क्लबला लेखी कळवायचं असतं. ते काम त्यांचं, तुमचं नाही. जूनपासून खेळायला गोव्याच्या मेहेरबानीची गरज नाही. एनओसीची धमकी चालू करारापुरतीच.

अन्वर अलीचं प्रकरण निराळं. मोहन बागानबरोबरचा चालू करार सोडून तो ईस्ट बंगालला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये कमिटीने योग्य कारण नाही म्हणून चार महिने बंदी घातली आणि भरपाई ठरवली. दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश कमिटीने मागे घेतला. तिथे मुद्दा थकलेल्या पगाराचा नव्हताच. दाजींना झोपू द्या.

खानापूरचा गोलकीपर

"स्पॉन्सरचे पैसे अडकले" हे खोटंच असेल असं नाही हं. २०२५ मध्ये आयएसएलच (इंडियन सुपर लीग) लटकली होती. बेंगळुरू एफसीसारख्या क्लबने त्या ऑगस्टमध्ये पहिल्या संघाचे पगार बेमुदत थांबवले, पण निदान जाहीर सांगून. तुमचा क्लब अडचण सांगतोय आणि त्याच दमात दोन वर्षांची सही मागतोय, हे खटकतं. फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडियाला लिहा, थकबाकीच्या तक्रारी त्यांना नव्या नाहीत.

निपाणीकर वकील

एक धोका सांगून ठेवतो. नोटिशीनंतर पंधरा दिवसांत पूर्ण पैसे आले, तर या कारणाने करार सोडता येणार नाही, मेपर्यंत तिथेच खेळावं लागेल. माझ्या मते तेही वाईट नाही. करार आत्ता सुटला आणि ट्रान्सफर विंडो बंद असली, तर नव्या क्लबकडून लगेच उतरायला अडचण येऊ शकते.

धागाकर्ता

भाचा आज सकाळच्या बसने गेला, तोंड वाकडं करून. प्रतीसाठी ई-मेल पाठवलाय. नोटिशीचा मसुदा निपाणीकरांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) बघून दिला, फी विचारली तर रागावले. एकच शंका : करारावर क्लबचा जुना पत्ता आहे, ऑफिस मधे हललंय. नोटीस कुठे पाठवू?

निपाणीकर वकील

दोन्हीकडे. आणि ई-मेलवर. रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा पोहोच-पावतीसकट स्पीड पोस्ट करा. जुन्या पत्त्यावरून पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा.