टॉरबद्दल उघड बोलायचं की आपापसातच?

रातकिडा: आम्ही पाचसहा जण मिळून टॉर (ओळख लपवून इंटरनेट वापरायचं नेटवर्क), ब्रिज (टॉरमध्ये शिरायच्या छुप्या वाटा), टेल्स (सगळं टॉरवरून चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) वगैरे शिकतोय. एकजण म्हणतो सगळं आपल्या एन्क्रिप्टेड ग्रुपमध्येच ठेवा, उघड लिहिलं की टॉर ब्लॉक करणाऱ्यांना आयतं मिळतं. दुसरा म्हणतो झाकून ठेवलं तर चुका कोण काढणार. मला दोघांचंही पटतंय त्यामुळे जास्तच गोंधळ झालाय.

कांदासाल: टॉरचं मूळ बघ ना. ९०च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत ही कल्पना निघाली आणि पुढे सगळ्यांसाठी खुली केली, कारण फक्त नौदलवालेच वापरत असते तर टॉरवरून आलेला प्रत्येकजण नौदलाचा हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गर्दी असली तरच लपता येतं, आणि गुपचूप ठेवलं तर गर्दी येणार कुठून? रिलेची, म्हणजे ज्या कॉम्प्युटरांवरून टॉरचं ट्रॅफिक फिरतं त्यांची, यादीसुद्धा उघड असते, कोणीही बघावी.

रातकिडा: यादी उघड आहे म्हणूनच तर ब्लॉक होतो ना पण!

कांदासाल: म्हणून तर ब्रिज आले. ते त्या यादीत नसतात, मागितले की मोजकेच मिळतात. तुला मिळालेला ब्रिज उघड टाकलास तर तो गेलाच समज. पण ब्रिजसोबत वापरतात तो ओबीएफएस४ (obfs4) ट्रॅफिकचं रूप कसं बदलतो यावर खुशाल वाद घाल, ते सगळं लिहिलेलंच आहे. कर्कहॉफ्स नावाच्या क्रिप्टोग्राफरने १८८३ मध्येच लष्करी सांकेतिक लिपीबद्दल हे मांडलं होतं, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, जपायची ती किल्ली.

मधलारिले: यात एक जोडतो, सुरक्षेत नवीन भोक सापडलं तर ते आधी डेव्हलपरलाच कळवायचं, उगाच शायनिंग मारायला उघड टाकायचं नाही. २०१४ मध्ये काही रिले जानेवारीअखेरीपासून नेटवर्कमध्ये बसून ऑनियन सर्व्हिस (फक्त टॉरमधूनच उघडणाऱ्या साइट) वापरणाऱ्यांचा माग काढायच्या मागे होते. टॉरवाल्यांनी ४ जुलैला ते काढून टाकले, आणि ३० जुलैला दुरुस्त केलेल्या व्हर्जनसोबत काय झालं ते सगळं जाहीर लिहिलं, कोणाकोणाला धोका झाला असेल तेही. मला तरी हा क्रम बरोबर वाटतो, आधी ठिगळ मग बोभाटा, पण बोभाटा झालाच पाहिजे, नाहीतर लोक जुनंच व्हर्जन चालवत बसतात.

अर्धवटराव: मी मागे कनेक्ट होत नाही म्हणून मदत मागताना सगळी सेटिंग तशीच चिकटवली, त्यात माझी अख्खी ब्रिजलाइन, म्हणजे ब्रिजच्या पत्त्याची ओळ. दोन तासांनी कोणीतरी सांगितलं तेव्हा पुसली, तोवर कोणी कोणी बघितली देव जाणे. तेव्हापासून प्रश्न उघड विचारतो, पण पत्ते आणि वेळा खोडून. आणि भावा, खाजगी ग्रुप म्हणजे काय, त्यातल्या एकाने स्क्रीनशॉट काढला की संपलं.

रातकिडा: आत्ता लक्षात आलं, आमच्या ग्रुपमध्ये सगळे खऱ्या नावाने आणि स्वतःच्या फोन नंबरवरून आहेत 🙈 आधी ते निस्तरतो.