मदत हवी आहे: कोल्हापूरचे तलाव, एक सायकल, सातवीतली मुलगी आणि आईचे गुडघे

सानेगुरुजीवाली

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत माहेरी येतेय. लेक सातवीत आहे, गेल्या वर्षापासून पक्ष्यांचं खूळ डोक्यात बसलंय. 'आज्जीच्या गावाला एवढे तलाव आहेत तर मला सगळे बघायचेत, तेही सायकलवरून' असा हट्ट आहे. आमचं घर साने गुरुजी वसाहतीत, म्हणजे रंकाळा तसा उशाशीच. पण लहानपणी रंकाळ्यावर जायचं ते भेळ खायला. पक्षी बघायला कोण जात होतं!

माझा बेत असा: सकाळी रंकाळा, तिथून कळंबा, मग पाचगाव-आर. के. नगरवरून राजाराम तलाव, विद्यापीठ, आणि परत येताना कोटितीर्थ. एका दिवसात पाचही. जमेल का?

आणखी तीन गोष्टी विचारायच्यात. आईला बरोबर न्यायचंय; ती चालते, पण पायऱ्या नकोत आणि जरा चाललं की टेकायला जागा हवी. लेकीची सायकल पुण्याहून आणावी का? आणि दुर्बीण घ्यायची तर कोणती? दुकानदार दहा पट, वीस पट असलं काहीतरी सांगतोय.

गियरवाला

ताई, अंतराचं म्हणाल तर जमेल. मोठ्या माणसाला ही सगळी फेरी काहीच नाही. पण डिसेंबरात कारखान्यांचा सीझन जोरात असतो हे धरलंय का तुम्ही? राधानगरी रोड आणि गारगोटी रोड, दोन्हीकडं उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, त्यामुळं ट्रॉली दिसते त्यापेक्षा रुंद असते. कडेनं जाणाऱ्या सायकलला तोच ऊस लागतो. पोरीला तुमच्या पुढं चालवायला लावा, मागं नको. मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवा. आणि दिवस फटफटायच्या आत मोठ्या रस्त्याला लागूच नका.

पुण्याहून सायकल आणायला हरकत नाही. पुढचं चाक काढून ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवी मावते, तिकीट काढतानाच बोलून घ्या. गियरची बाजू वर ठेवायची, नाहीतर सामान येऊन पडतं आणि डिरेलर (साखळी एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) वाकतो. रेल्वेनं आणायची तर पार्सल ऑफिसात बुक करावी लागेल, त्याला सकाळ जाते. त्यापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं बघा की. वसाहतीत एखादी साधी सायकल मिळणार नाही होय?

बंधाऱ्यावरचा

ताई, अंतर सोडा. पाच तलाव एका दिवसात करायचे म्हणजे एकही धड बघायचा नाही. पाण्याकडं बघत नुसतं फिरायचं असेल तर ठीक आहे, पण पोरीला पक्षी बघायचेत ना? मग काठ बघून तलाव निवडा.

म्हणजे असं. रंकाळ्याचा बराच काठ दगडी बांधणीचा, बांधालगत पाणी लगेच खोल. तिथं पोहणारे आणि बुड्या मारणारे पक्षी: वारकरी, टिबुकली, पाणकावळे. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्यांना तिथं उभं राहायलाच जागा नाही. कळंब्याचं उलट. शहराकडच्या बाजूला बांध आणि वर कात्यायनीच्या डोंगराकडून पाणी येतं, त्यामुळं वरच्या अंगाला काठ उतरता आहे. पावसाळ्यात सांडवा वाहतो तेव्हा अख्खं कोल्हापूर बघायला येतं. पुढं पाणी ओसरेल तशी वरच्या अंगाची ओली माती उघडी पडत जाते. शेकाट्या, तुतवार, धोबी हे त्या मातीवर. डिसेंबरात ही पट्टी अजून अरुंद असते, फेब्रुवारी-मार्चला जास्त मजा. पण मिळेल तेवढं बघा.

दुसरं, ऊन. सकाळी रंकाळ्याला शहराकडच्या बाजूला थांबा, राजघाटाच्या आसपास. सूर्य पाठीशी आणि पाण्यावरच्या पक्ष्यांवर उजेड. त्याच वेळी शालिनी पॅलेसच्या बाजूला उभं राहिलात तर ऊन डोळ्यांत आणि सगळी बदकं काळी. संध्याकाळी उलटं होतं, पण संध्याकाळी तिथं गाड्यांची आणि माणसांची एवढी गर्दी असते की पक्षी सोडा, स्वतःचं पोरगं दिसत नाही.

दुर्बीण ८×४२ घ्या. पहिला आकडा पटीचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वीस पटीची हातात धरली की चित्र इतकं हलतं की वारकरी आणि पाणकोंबडीत फरक कळत नाही. दुकानदाराला नमस्कार सांगा.

सानेगुरुजीवाली

बंधाऱ्यावरचे दादा, हे काठाचं कुणी सांगितलंच नव्हतं. वीस पटीची जवळजवळ घेतलीच होती. बरं, रंकाळ्यावर केंदाळ (जलपर्णी) असतं तिथं काही दिसतं का? आई म्हणते, 'त्या केंदाळात काय बघायचंय, डास?'

बंधाऱ्यावरचा

आईंचंही खरं आहे. केंदाळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस मिळाला की दोन आठवड्यांत दुप्पट होतं, आणि खालच्या पाण्याला उजेड न् हवा मिळत नाही. ते काढलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण एखाद्या कोपऱ्यात उरलेलं असलं तर तिथं दहा मिनिटं गप्प उभे राहा. कमळपक्षी त्याच्यावरून चालतो. बोटं एवढी लांब की एक पान दबायच्या आत दुसऱ्या पानावर वजन गेलेलं असतं. चालताना शेपटी जराशी झटकतो, पान उलटवून खालचे किडे टिपतो. पोरीला हे दाखवा, मग ती पाच तलावांचं नाव काढणार नाही.

वारकऱ्याची खूण सोपी आहे: अंग काळं आणि कपाळापासून चोचीपर्यंत पांढरं. पाणकोंबडीचं कपाळ लाल. हळदी-कुंकू बदक असलं तर चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके. आठ पटीत स्वच्छ दिसतं. पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसला की पोरगी विचारणार, तो काय करतोय. त्याचे पंख पाण्यात भिजतात, त्यामुळं बुडी मारणं सोपं जातं, पण बाहेर आल्यावर वाळवत बसावं लागतं.

पेठकरी

सगळे पाण्यातलेच तलाव सांगायला लागलेत. कोल्हापूरचे अर्धे तलाव आता जमिनीवर आहेत, ते कोण दाखवणार?

सानेगुरुजीवाली ताई, आईंना घेऊन एक सकाळ पेठेत या. सायकल घरी ठेवा. अंबाबाईच्या देवळापाशी सुरुवात करा. तिथून जवळच कपिलतीर्थ मंडई. कोथिंबीर घेतो ती जागा एके काळी तळं होती. मग शिवाजी पेठेत पेटाळा, आता मैदान. पुढं गांधी मैदान, हे वरुणतीर्थ. पाणी काही आपली जागा विसरलेलं नाही. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानाचं आजही तळं होतं आणि सभावाले मंडपाचे खांब चिखलातून उपसत बसतात. शाहू स्टेडियम म्हणजे रावणेश्वराचं तळं, देऊळ अजून शेजारीच आहे. मंगळवार पेठेतल्या सिद्धाळ्याची बाग झाली.

पायऱ्या नाहीत, पावलापावलाला चहा आहे, आणि आई स्वतःच तुम्हाला चार गोष्टी जास्त सांगतील. त्यांच्या पिढीनं यातलं काय काय ऐकलेलं असतं, कुणी विचारत नाही एवढंच.

गियरवाला

पेठकरी भावा, पोरगी गांधी मैदानात कुठला पक्षी बघणार? कबुतर?

पेठकरी

घार बघेल की! आणि झाल्यावर मिसळ खाईल. तुझ्या गियरला मिसळ मिळते का?

सानेगुरुजीवाली

भांडू नका 😄 आई हे वाचून (मी मोठ्यानं वाचून दाखवलं) म्हणाली, 'सिद्धाळ्याचं मला माहितेय, तू मला कधी विचारलंस?' तेव्हा पेठेची सकाळ नक्की.

आता राजाराम तलाव आणि विद्यापीठाचं सांगा. तिकडं लेकीला घेऊन दोघीच जायचं तर ठीक आहे का?

गियरवाला

सकाळी बिनधास्त. राजाराम तलावाला पोहणाऱ्यांची सकाळी ये-जा असते, अगदी सुनसान नाही. मात्र पाण्याच्या कडेला सायकल उभी करून लांब जाऊ नका, आणि पोरीला एकटीला पाण्याजवळ सोडू नका. विद्यापीठात फिरायला येणारे बरेच. गेटवर विचारून आत जा. पावसाचं पाणी अडवून केलेली त्यांची स्वतःची तळी आहेत, झाडी भरपूर, मोर हमखास. आतले रस्ते रुंद आणि ट्रॉलीमुक्त. खरं सांगायचं तर तुमच्या पोरीला सायकल चालवायला सगळ्यात चांगली जागा तीच. कुत्री मागं लागली तर पळवू नका सायकल. उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि चालत पुढं जायचं.

कोटितीर्थाला परत येताना उद्यमनगरातून यावं लागेल, गर्दी आहे. ते वेगळं, संध्याकाळी रिक्षानं करा.

बंधाऱ्यावरचा

माझी वाटणी: पहिली सकाळ रंकाळा, तिघी पायी. पूर्ण फेरी चार-साडेचार किलोमीटरची आहे, आईंनी ती करायची नाही. त्यांना राजघाटाजवळ बसवा, तुम्ही दोघी बांधाबांधानं जाऊन परत या. इराणी खणीकडंही डोकावून या, मोठे गणपती तिथं विसर्जन करतात. दुसरी सकाळ कळंबा, सायकलनं, आतल्या रस्त्यानं आपटेनगरकडून. गारगोटी रोडवर कमीत कमी वेळ. कळंब्याचं पाणी पिण्यासाठी जातं, तेव्हा काठावर काही धुऊ नका, डब्यातलं उरलंसुरलं पाण्यात टाकू नका. तिसरी सकाळ पेठ. विद्यापीठ चौथी, जमलं तर.

पोरीला एक वही द्या. तारीख, वेळ, काठाचा कोणता कोपरा, किती पक्षी. नाव कळलं नाही तर चोच कशी, पाय कसे, काय करत होता. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी करायचं संकेतस्थळ) नंतर भरता येईल. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, वही नीट भरली असली तर पुढच्या वर्षी तिला त्यात भाग घेता येईल.

सानेगुरुजीवाली

सगळ्यांचे आभार. लेकीनं पाच तलावांचा हट्ट सोडला, आता 'कमळपक्षी पहिल्याच दिवशी दाखव' हा नवा सुरू झालाय. सायकल शेजारच्या काकांकडून मिळाली, सीट खूप वर आहे आणि पाना कुणाकडंच नाही. रंकाळा स्टँडच्या आसपास सकाळी लवकर उघडणारं सायकलचं दुकान कुणाला माहितेय का?

पेठकरी

सकाळी सातला सायकलवाला? कोल्हापुरात? नऊनंतर बघा. नाहीतर रिक्षावाल्याच्या पेटीत पाना असतोच, मागून बघा.