पाच वर्षांच्या मुलीची दाढ किडली आहे, फोनवर डॉक्टरांना दाखवून भागेल का?

वर्षा_मोखाडा
मोखाडा तालुक्यात पाड्यावर राहतो. मुलीच्या खालच्या दाढेला काळा खड्डा पडलाय, गोड खाल्लं की रडते. मध्यंतरी हिरडीवर पुळी आली, ती फुटून बसली. जव्हारला नाहीतर नाशिकला न्यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, मजुरीही बुडते. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात आहेत, पडतीलच. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टरसेवेवर, दाखवून काम होईल का?

दातकरी
ताई, दुधाच्या दाढा नऊ ते बारा वर्षांपर्यंत टिकतात. एवढी वर्षं पोरीने जेवायचं कशावर? आणि पुळी बसली म्हणजे बरं झालं असं नाही. पू मुळाशी असतोच, वाट मिळाली म्हणून ठणका थांबला. व्हिडिओवर दाढ भरता येत नाही की काढता येत नाही. पण घाई किती आणि जायचं कुठे, हे कळतं.
फोटो आधीच काढून ठेवा, रेंजचा भरवसा नाही. दारात उजेडाला बसा, डोकं मांडीवर घ्या, चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला करा. मोबाईल तोंडात खुपसू नका, लांबून झूम करा.
गाल सुजला, ताप आला, गिळता येईना तर कॉलच्या भानगडीत पडू नका. १०८ बोलवा.

रानवाट
आमच्याकडे कॉलवर जनरल डॉक्टर आले, गोळी लिहून दिली, संपलं.

आशा_कार्यकर्ती
म्हणून घरून लावण्यापेक्षा उपकेंद्रावर जा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी कॉल लावून देतात, पैसे लागत नाहीत. दंतवैद्यच हवेत आणि रेफरची चिठ्ठी हवी, हे स्पष्ट सांगा. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांच्या तपासणीत दातही असतात. २०१३ मध्ये ही योजना आपल्या पालघरमधूनच सुरू झाली.

रानवाट
दात न कोरता लावायचं ते काळं औषध चालेल का?

दातकरी
सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. कीड थांबवतं, डाग मात्र काळाच राहतो. आज्या ओरडतात, ओरडू द्यावं. पण पू झालेल्या दाढेला ते चालत नाही.

वर्षा_मोखाडा
सेविकाताई म्हणाल्या, पथक पुढच्या महिन्यात येईल. तोवर थांबू?

दातकरी
नको. उद्याच उपकेंद्रावर जा. जव्हारला दंतवैद्य कोणत्या वारी बसतात, तेही तिथूनच फोन करून विचारून घ्या, मगच एसटी पकडा. धाकटं असेल तर त्यालाही न्या, एका खेपेत दोघांचे दात बघून होतील.