भाऊ बरा झाला हे ओळखायचे कशावरून?

डिचोलीची बहीण
धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी मरगळ येणारा मनाचा आजार. बांबोळीच्या मनोरुग्णालयातून घरी आणून सात महिने झाले. गोळ्या घेतो, जेवतो, झोपतो. पण शिगम्याला ढोल बडवणारा पोर आता दिवसभर सोप्यावर गप्प बसून असतो. आई रोज विचारते, "कधी गो बरा होणार हा?" मला उत्तर सुचत नाही. ज्यांनी हे घरात पाहिलेय त्यांनी सांगा.

म्हार्दोळची वहिनी
ताई, मी स्वतः अकरा वर्षे याच आजाराची पेशंट. उन्माद उतरला की पुष्कळदा मागून मरगळ येते. तो आळस नव्हे. पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे गप्प बसणे नक्की सांगा, औषधात फरक करता येतो.

माझेच सांगते. आजारानंतरच्या पहिल्या गणेश चवथीला मी खोलीबाहेर आले नाही. दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी काही न बोलता माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छतासाठी, सुंभ आणि कांगल्यांची (रानफळांची) टोपली माझ्यापुढे ठेवली. चार घोस बांधले आणि हात थांबले. उरलेले जावेने बांधले, कोणी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या वर्षी माटोळीला तोरिंगाचे फळ कुठल्या बाजूला टांगायचे यावरून मी जावेशी कडाकडा भांडले. नवरा स्वयंपाकघरात जाऊन रडला, आनंदाने.

गोळ्या अजून चालूच आहेत. गोळीतल्या लिथियमची रक्तातली पातळी बघायला रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देते. मे महिन्यात घाम फार गेला तर ती पातळी चढू शकते, म्हणून पाणी भरपूर पिते, पेजेतले मीठ मनाने तोडत नाही, आणि अंग दुखले तरी न विचारता आयबुप्रोफेनसारखी वेदनेची गोळी घेत नाही. सलग दोन रात्री तीनच तास झोपूनही मी टवटवीत दिसले, तर उन्माद परत येत असेल म्हणून नवऱ्याने डॉक्टरांना फोन करायचा. हे मी बरी असताना आम्ही दोघांनी ठरवलेय.

सावईवेऱ्याचे काका
माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया. नसलेले आवाज त्याला अजून ऐकू येतात. "बाबा, ते बोलतायत, पण मी शिंपून येतो," म्हणतो आणि कुळागराला (सुपारीच्या बागेला) पाणी लावून येतो. मी त्याला बरा समजतो, नातेवाईक काही म्हणोत. आजार परत उसळला तर कोणते उपचार हवे, कोणते नको, हे आधी लिहून ठेवायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलाय. भावाशी बोलून बघा. आणि रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, पैसे पडत नाहीत.

डिचोलीची बहीण
वहिनी, काका, आईला दोन्ही वाचून दाखवले. तोरिंगाचे तिने दोनदा वाचायला लावले. आज सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला तेव्हा भाऊ आपणहून उठला, फाटकापर्यंत गेला, पैसे विसरला म्हणून परत आला, आणि पुन्हा गेला. सहा पाव आणले.