मदत हवी आहे: एकच डीएनएस झोन (एका डोमेनचा पत्ता वगैरे सांगणाऱ्या रेकॉर्डचा संच) दोन प्रोव्हायडरवर कोडमधून कसा सांभाळता?

नमस्कार मंडळी, आमच्या कंपनीची दहाबारा डोमेन आहेत, काही क्लाउडफ्लेअरवर, काही ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेवर आणि एकदोन जुनी अजून रजिस्ट्रारच्याच (जिथून डोमेन घेतलं त्या कंपनीच्या) पॅनेलवर. ज्याच्याकडे लॉगिन तो जाऊन रेकॉर्ड बदलतो, कोणी कधी आणि का बदललं याचा पत्ता लागत नाही. आता सगळं गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) आणायचंय, आणि मुख्य डोमेन क्लाउडफ्लेअर आणि रूट ५३ दोन्हीकडून एकाच वेळी सर्व्ह करायचंय. ऑक्टोबर २०१६ मध्ये डाइन या डीएनएस कंपनीवर मिराई बॉटनेटचा (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याचा) हल्ला झाला तेव्हा ज्यांचे सगळे नेमसर्व्हर (डोमेनबद्दलची उत्तरं देणारे सर्व्हर) तिथेच होते त्यांचे सर्व्हर धडधाकट असूनही साइट लोकांना उघडत नव्हत्या, ते आपल्याकडे व्हायला नको.

टेराफॉर्म (सर्व्हर, डीएनएस वगैरे कोडमधून उभं करणारं साधन) बघितलं पण त्यात दोन प्रोव्हायडरचे रिसोर्स वेगळे, म्हणजे एकच रेकॉर्ड दोनदा लिहा. डीएनएसकंट्रोल या खास डीएनएससाठीच्या साधनात एकाच डोमेनला दोन प्रोव्हायडर लावता येतात आणि पुशच्या (बदल प्रोव्हायडरकडे पाठवण्याच्या) आधी प्रीव्ह्यू दिसतो, ते मला फार आवडलं. ऑक्टोडीएनएस या तशाच दुसऱ्या साधनाची एक गोष्ट मात्र मोहात पाडते, ३० टक्क्यांहून जास्त रेकॉर्ड उडणार असतील तर ते स्वतःहून थांबतं.

खरा अडलोय तो सर्टिफिकेटवर. साइटसाठी मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं डीएनएस चॅलेंज (डोमेन आपलंच आहे हे सिद्ध करण्याची तपासणी) आपला बॉट एकाच प्रोव्हायडरवर टीएक्सटी (मजकुराचा रेकॉर्ड) टाकून पूर्ण करतो, पण तपासणी कुठल्याही नेमसर्व्हरला विचारू शकते, दुसऱ्याकडे गेली की फेल. शिवाय फाइलमध्ये नसलेला रेकॉर्ड डीएनएसकंट्रोल पुशच्या वेळी काढून टाकतं, म्हणजे बॉट टाकणार आणि पुश पुसणार. यावर इग्नोर (त्या रेकॉर्डला हात लावू नको अशी सूचना) लावता येतं, पण मला वाटतं त्यापेक्षा चॅलेंजच्या नावाला दोन्हीकडे सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड) देऊन ते एका वेगळ्या छोट्या झोनकडे वळवावं, जो एकाच प्रोव्हायडरवर असेल. असं कोणी चालवतंय का, आणि नूतनीकरण बिनबोभाट होतं का?

दुसरं, आमची साइट ज्या होस्टिंगवर आहे ते आयपी देत नाहीत, फक्त होस्टनेम देतात. नुसत्या डोमेनला (पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या) सीनेम चालत नाही, क्लाउडफ्लेअर ते स्वतः फ्लॅटन करून (होस्टनेमचा आयपी शोधून) देतं पण रूट ५३ चा त्यासाठीचा एलियास रेकॉर्ड फक्त ॲमेझॉनच्याच ठरावीक सेवांकडे किंवा त्याच झोनमधल्या रेकॉर्डकडे जातो. मग दोन्हीकडे सारखं उत्तर कसं देता? स्वतःच्या स्थिर आयपीवर एक छोटा रिडायरेक्ट सर्व्हर ठेवून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे पाठवायचं एवढंच मला सुचलंय, पण मग तोच एक सर्व्हर पडला तर सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय?

डीएनएससेक (डीएनएसची उत्तरं खरी आहेत हे डिजिटल सहीने दाखवणारी सोय) सध्या बंद आहे. दोन्ही प्रोव्हायडर आपापल्या की ने सही करणार असतील तर आरएफसी ८९०१ या तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे एकमेकांच्या पब्लिक की दोन्ही झोनमध्ये ठेवाव्या लागतात एवढं वाचलंय, पण प्रत्यक्षात करणारं कोणी भेटलं नाही. ज्यांनी प्रॉडक्शनमध्ये केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, कॉन्फिगचा तुकडा नावं बदलून टाकलात तरी चालेल.